ट्रे कोणी भरला?

मॅडम, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शंभर खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन सहा वर्षं झाली. जुलैत माझी नाइट होती. आम्ही दोघी आणि पेशंट 38. रात्री पावणेतीनला एका पेशंटचं सेफ्ट्रायॅक्सोन द्यायचं होतं. डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमधून अँप्युल उचललं, मान पिरगाळली, सिरिंजमध्ये दहा एमएल ओढलं. रिकामं अँप्युल टाकताना सहज लेबल दिसलं. पोटॅशियम क्लोराइड. हातपाय गार पडले. ट्रे उलटा केला तर आणखी चार निघाले. पेशंटला काही झालं नाही, कारण दिलंच नाही. सकाळी मी इन्सिडंट रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं, ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. सरांनी एकच विचारलं, ट्रे कोणी भरला? ट्रे मावशींनी भरला होता. त्यांचा एक दिवसाचा पगार कापला आणि इन्चार्ज सिस्टरला मेमो दिला. तेव्हापासून इन्चार्ज माझ्याशी कामापुरतं बोलतात. बाकीच्या मला 'रजिस्टरवाली' म्हणतात.

आता एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू आहे. आम्हाला पेशंट सेफ्टी कल्चरचा फॉर्म दिलाय, 25 तारखेपर्यंत भरून द्यायचाय. इन्चार्ज म्हणाल्या, सगळीकडं चार आणि पाचच टिक करा. मी काय भरू? आणि परत असं काही दिसलं तर लिहू का गप्प बसू? आई म्हणती, कामून नस्तं अंगावर घेतीस, नोकरी सांभाळ.

– एक सिस्टर, बीड जिल्हा

*

प्रिय सिस्टर,

17 सप्टेंबरला आपल्याकडं सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 पासून नेमकी तीच तारीख रुग्णसुरक्षा दिन म्हणून धरली, त्यामुळं मराठवाड्यातल्या हॉस्पिटलांत सकाळी झेंडा आणि दुपारी वॉर्डाच्या दारात रांगोळी. सलाइनची बाटली, दोन जोडलेले हात, खाली घोषवाक्य. मी 2021 ला मेट्रन म्हणून निवृत्त झाले. 2019 ला अशा एका रांगोळीला मी स्वतःच्या हातानं स्टीलचा डबा बक्षीस दिलाय. ज्या वॉर्डाला डबा गेला, त्या वॉर्डाच्या कपाटात केसीएल, म्हणजे तुझं ते पोटॅशियम क्लोराइड, आणि डिस्टिल्ड वॉटर एकाच फळीवर होतं. ते मला दिसलं नव्हतं असं म्हणणार नाही. दिसलं होतं. कपाटच लहान आहे, असं मनाशी म्हणून मी पुढच्या वॉर्डात गेले. तेव्हा हे उत्तर कुणी धुतल्या तांदळाची बाई लिहितेय असं समजू नकोस.

आधी त्या रात्रीबद्दल. हे सदर नर्सिंगशी संबंध नसलेले लोकही वाचतात, म्हणून थोडं खुलासेवार लिहिते. सेफ्ट्रायॅक्सोनची पावडर असते, ती पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. ते पाणी दहा एमएलच्या प्लास्टिक अँप्युलमध्ये येतं. पोटॅशियम क्लोराइडही दहा एमएलचं, तसंच पारदर्शक, लेबलवरची अक्षरं तशीच बारीक. त्या दहा एमएलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. मोठ्या सलाइनमध्ये मिसळून, काही तासांत थेंबाथेंबानं गेलं तर ते औषध आहे. तेच सिरिंजनं सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. पावणेतीन वाजता 38 पेशंटांच्या वॉर्डात बंद पडलेलं हृदय चालू करायला किती हात असतात, ते तुला सांगायला नको.

'सहज लेबल दिसलं' असं तू लिहिलंस. ते सहज नव्हतं. लेबल तीनदा वाचायचं असतं, उचलताना, ओढताना आणि टाकताना. जीएनएमच्या पहिल्या वर्षात आपल्याकडून हे घोकून घेतात. पहिली दोन वाचनं तुझी हुकली, तिसऱ्यानं वाचवलं. हुकली हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही आणि रजिस्टरमध्येही नसणार. दोघींत 38 पेशंट असले की पहिली दोन वाचनं हुकतात, मीही हुकवलीत. नर्सिंग कौन्सिलचे निकष जनरल वॉर्डात पाच-सहा पेशंटांमागे एक सिस्टर मागतात. तुमच्याकडं एकीच्या वाट्याला 19 येतात. म्हणून तुझ्या रजिस्टरच्या नोंदीत दोन आकडे असायला हवे होते, पेशंट 38 आणि सिस्टर 2. ते नसले की वाचणाऱ्याला फक्त ट्रे दिसतो.

आता तो ट्रे. सरांनी विचारलेला प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याचं उत्तर मिळालं की माणूस सापडतो आणि शोध संपतो, ही त्या प्रश्नाची खोड. चौतीस वर्षांच्या नोकरीत ट्रे भरणारी आणि इंग्रजी लेबल वाचता येणारी मावशी मला एकही भेटली नाही. त्या आकार बघून भरतात, खोकं बघून भरतात. ते काम त्यांना आपणच देतो, कारण आपल्याला वेळ नसतो, आणि दिल्यावर त्याला 'मदत' म्हणतो. तेव्हा मावशीनं भरला हे खरं. पण केसीएल वॉर्डाच्या खोक्यात आलं कुठून? फार्मसीनं दिलं असेल तर इंडेंटवर, म्हणजे वॉर्डाच्या मागणीपत्रावर, कुणी मागितलं होतं? मागच्या महिन्यात खरेदीवाल्यांनी कंपनी बदलली का? स्वस्तातली कंपनी आली की अँप्युलचा तोंडवळाच बदलतो आणि वॉर्डाला कुणी सांगत नाही, हे मी तीनदा पाहिलंय. मुळात जनरल वॉर्डात ते असायची गरज काय? जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. दिसायला किंवा ऐकायला सारखी औषधं, पेशंटची ओळख, ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, राहून जाणाऱ्या गोष्टी आणि केसीएलसारखी तीव्र द्रावणं, हे चारही त्यात आहेत. तुझ्या त्या एका ट्रेमध्ये नऊपैकी दोन उपाय पालथे पडलेले होते.

एक दिवसाचा पगार कापल्यानं यातलं काय बदललं? तुझ्या पत्रात दिसत नाही, म्हणून विचारते. केसीएल आज कुठल्या फळीवर आहे?

आता माझं ऐक. हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

1991 चा डिसेंबर. मराठवाड्यातलंच एक हॉस्पिटल, मेडिकलचा बायकांचा वॉर्ड. अकरा नंबरला एक कांताबाई, बारा नंबरला दुसरी कांताबाई. अकरा नंबरची शुगरची पेशंट. खिडकीतून गार वारं येतंय म्हणून संध्याकाळी नातेवाइकांनी आपापसात दोघींच्या खाटा बदलल्या. केसपेपर खाटेलाच अडकवलेले राहिले. रात्री मी आले, अकरा नंबरचा पेपर पाहिला, 'कांताबाई का?' विचारलं, बाई 'हाव' म्हणाली आणि मी तिला 16 युनिट इन्शुलिन दिलं. वीस मिनिटांनी बारा नंबरवरची मुलगी येऊन म्हणाली, सिस्टर, आईची सुई राहिली की.

ते वाक्य अजून कानात आहे. मी त्या मुलीला 'आलेच' म्हणाले. शुगरच्या कांताबाईला तिचं इन्शुलिन दिलं, आणि जिला चुकून दिलं होतं तिला 25 टक्के डेक्स्ट्रोज लावलं, डॉक्टरांना न विचारता, पेपरवर न लिहिता. ग्लुकोमीटर तेव्हा आमच्या वॉर्डात नव्हता. मी दर अर्ध्या तासानं तिच्या कपाळावर हात ठेवून घाम बघत होते. साखर घालून दोनदा चहा पाजला. तिची सासू खाली चटईवर होती. ती म्हणाली, रातभर जागलीस माय, असली सिस्टर कुठं पाहिली नाही. चौथ्या दिवशी डिस्चार्ज झाला. दोन दिवसांनी तीच सासू शेतातून हुरडा घेऊन आली, फडक्यात बांधून, अजून कोमट. मी तो घेतला. खाल्लाही.

पुढचं याहून वाईट आहे. आठ महिन्यांनी त्याच वॉर्डात एकाच नावाच्या दोघी आल्या आणि माझ्या बरोबरीच्या एका सिस्टरनं एकीचं पेनिसिलिन दुसरीला दिलं. तिला रिअॅक्शन आली. वाचली, पण चार दिवस वाईट गेले. मेट्रननी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, असं याआधी कधी झालं होतं का? कोणी बोललं नाही. मी दुसऱ्या ओळीत होते. त्या सिस्टरला मेमो मिळाला, बदली झाली, आणि वॉर्डात खाटेच्या नंबरावरच सुया देणं चालू राहिलं. मनगटाला नावाची पट्टी बांधायची, पूर्ण नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, 'कांताबाई का?' असं विचारून 'हाव' ऐकायचं नाही, हे आमच्याकडं यायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. डिसेंबरात मी चार ओळी लिहिल्या असत्या तर ते ऑगस्टच्या आत आलं असतं का, कोण जाणे. लिहिल्या नाहीत.

तुझ्या रजिस्टरची किंमत मला का वाटते, ते यावरून समज. तुझी रात्र माझ्या रात्रीपेक्षा फार बरी. माझी सुई टोचून झाली होती, तुझी टोचायची राहिली होती. अशा हुकलेल्या अपघाताला हल्ली सगळे नियर मिस म्हणतात. कुणाचं नुकसान न होता हॉस्पिटलला शिकायला मिळतं ते एवढंच.

एमी एडमंडसन नावाची अमेरिकन संशोधक आहे. नव्वदच्या दशकात, शिकत असताना, ती हॉस्पिटलांतल्या नर्सिंग टीम तपासत होती. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी तिची अटकळ. आकडे उलटे निघाले, ज्या टीमचं आपसात चांगलं, इन्चार्ज ऐकून घेणारी, तिथं चुका जास्त नोंदलेल्या. बरीच डोकेफोड केल्यावर तिच्या लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. रजिस्टर कोरं असलेला वॉर्ड बघून मला तेव्हापासून धडकी भरते. इन्स्पेक्शनला आलेली माणसं मात्र कोरं रजिस्टर बघून खूश होतात, तो वेगळा विषय.

तुझ्या आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भीतीला कारण आहे. 2021 च्या नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली. त्यानंतर काही दिवसांत अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन नर्सना. इमारतीची वायर नर्स टाकत नाही. कायद्याचंही बघ. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106 कलमात निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसं झालं तर ती दोन वर्षांपर्यंत. त्या सवलतीतल्या डॉक्टरच्या व्याख्येत सिस्टर बसत नाही. आपल्या संघटनांनी यावर जितका आवाज करायला हवा होता तितका केला नाही, असं माझं मत आहे. पण हे कलम मृत्यूचं आहे. तुझ्या रात्री सुईसुद्धा टोचलेली नाही. हुकलेला अपघात लिहिल्यानं तू कुठल्याही कलमात जात नाहीस. उलट पुढं कधी त्याच ट्रेमुळं खरोखर काही घडलं, तर 'आम्ही जुलैतच कळवलं होतं' ही ओळ तुमच्या सगळ्यांच्या कामाची आहे, इन्चार्जच्यासुद्धा.

आता फॉर्म. असले जे फॉर्म मी पाहिले त्यांचं मूळ एकच, अमेरिकेच्या एजन्सी फॉर हेल्थकेअर रिसर्च अँड क्वालिटी या सरकारी संस्थेनं 2004 मध्ये काढलेली प्रश्नावली. तिच्या त्या पहिल्या आवृत्तीत 42 विधानं होती. टीम एकमेकीला धरून राहते का, माणसं पुरेशी आहेत का, ओव्हर नीट होतो का, चूक झाली की काय होतं, अशी. गेल्या 12 महिन्यांत तुम्ही किती घटना कळवल्या, हाही एक प्रश्न. तिकडं ती आवृत्ती कितीतरी वर्षं भरून घेतली, तरी सगळ्यांत कमी गुण पडायचे ते चुकीबद्दल शिक्षा होत नाही या मुद्द्याला, आणि वर्षभरात एकही घटना कळवली नाही असं सांगणारे निम्म्याच्या आसपास असायचे. साहेब लोकांचे गुण वॉर्डातल्यांपेक्षा चढे असतात, हे तर ठरलेलंच. म्हणजे तुमचं हॉस्पिटल काही जगावेगळं नाही. फॉर्ममध्ये कमी गुण पडले म्हणून नाक कापलं जात नाही, हे कुणीतरी तुमच्या क्वालिटीच्या मॅडमना सांगायला हवं.

त्यात एक गंमत आहे, ती तुझ्या इन्चार्जना माहीत नसावी. या प्रश्नावलीतली बरीच विधानं मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. 'चूक झाली की ती आपल्याविरुद्ध धरली जाते असं वाटतं.' 'घटना कळवली की प्रश्न बाजूला राहतो, माणसावर लिहिलं जातं.' 'इथं मोठ्या चुका होत नाहीत तो निव्वळ नशिबाचा भाग.' यांना पाच दिले म्हणजे 'अगदी खरंय' असं होतं. सगळीकडं पाच टिक केलेला गठ्ठा वर गेला तर एका पानावर तुमचा वॉर्ड आदर्श आणि दुसऱ्या पानावर धडधडीत धोकादायक निघणार. तपासणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की बायांनी वाचलेलंच नाही. इन्चार्जना एवढं दाखव. 'खरं भरू' असं म्हणण्यापेक्षा 'मॅडम, सगळीकडं पाच केलं तर आपलंच हसं होईल, हे बघा' असं म्हटलेलं जास्त चालतं. मी आयुष्यभर अशीच कामं काढून घेतलीत.

तू काय भरायचं? फॉर्म कोण गोळा करतं ते आधी बघ. बंद पेटीत टाकायचे असतील तर खरं भर, सगळीच्या सगळी विधानं. इन्चार्ज टेबलावर गोळा करणार असतील तर पेटी ठेवा म्हणून क्वालिटीवाल्यांना सांग, ते मागण्यात काही वावगं नाही. तुमच्या वॉर्डात किती जणी असतील, आठ-नऊ? 'अनुभव किती वर्षं' या रकान्यात सहा लिहिलं की निनावीपणा संपला. तो रकाना सोड. शेवटी मोकळी जागा असते तिथं हातानं लिहू नको, तुझं अक्षर रजिस्टरमुळं सगळ्यांना पाठ झालेलं असणार. आणि पेटीही नाही, नाव टाकायची सक्ती आहे, नोकरी कंत्राटी आहे, घरात तुझ्याच पगारावर चूल आहे अशी वेळ असेल, तर जिथं खरं लिहायची भीती वाटते ती विधानं कोरी ठेव. खोटे पाच देऊ नको. कोऱ्या जागासुद्धा मोजल्या जातात, आणि नेमक्या शिक्षेच्याच प्रश्नांवर अख्खा वॉर्ड कोरा गेला तर वाचणाऱ्याला काय वाचायचं ते कळतं. काही लोक याला भित्रेपणा म्हणतील. म्हणोत. त्यांना नाइट करावी लागत नाही.

पुढच्या वेळी दिसलं तर लिहायचंच. फक्त लिहायची तऱ्हा बदल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं तू रजिस्टरमध्ये 'ट्रेमध्ये चुकीचे अँप्युल भरलेले आढळले' असं काहीतरी लिहिलं असशील. मराठीत हे 'भरलेले' मोठं घातकी असतं, वाचणारा लगेच 'कोणी' विचारतो. त्याऐवजी असं: 'रात्री 2.45. डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये केसीएलची पाच अँप्युल मिळाली. दोन्हींचा आकार आणि रंग सारखा. पेशंट 38, सिस्टर 2. अँप्युल टाकताना लेबल वाचलं, देण्याआधी थांबले. केसीएल वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवावं अशी विनंती.' शेवटची विनंती विसरू नको. तिच्यामुळं मीटिंगला बोलायला दुसरा विषय मिळतो. नाव कुणाचंच नाही, स्वतःची कसर मात्र लपवायची नाही. केसपेपरवर पेशंटला काय झालं आणि काय केलं तेवढंच, वेळेसकट. व्हाइटनर कधीही नाही. अँप्युलचा फोटो काढायचा तर अँप्युलचाच काढ, मागं पेशंटचा चेहरा किंवा पेपर येऊ देऊ नको, आणि तो वॉर्डाच्या ग्रुपवर टाकू नको.

इन्चार्जबद्दल. फार्मसीच्या आणि खरेदीच्या घोळाचा मेमो त्यांच्या फायलीला लागला आणि त्यांना तो पहिल्यांदा कळला तो मीटिंगमध्ये, सरांच्या तोंडून. हे त्यांना लागलंय. सकाळी रजिस्टर लिहिण्याआधी तू त्यांना दोन मिनिटं बाजूला घेतलं असतंस तर बरं झालं असतं. परवानगी मागायला नाही, नुसतं कानावर घालायला. ते आता करता येईल. राउंड झाल्यावर, चहाच्या वेळी, एकट्या असताना जा. 'सिस्टर, तुम्हाला मेमो मिळाला त्याचं मला वाईट वाटलं. लिहिलं त्याचं नाही.' दोन्ही वाक्यं म्हण, त्याच क्रमानं. मग लगेच कामाचं बोल. केसीएल वॉर्डातून हलवण्याचा अर्ज त्यांच्या सहीनं जाऊ दे. तुझ्या नावानं गेला तर ती 'रजिस्टरवाली'ची कटकट होते, त्यांच्या नावानं गेला तर तो मेमोला खुलासा होतो. त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. हलवायला उशीर लागत असेल तोवर वेगळा डबा, कुलूप, लाल चिकटपट्टी आणि त्यावर मार्करनं मराठीत, मोठ्या अक्षरांत: 'थेट देऊ नये'. मराठीत लिहिण्याचं कारण वर आलंच आहे.

'रजिस्टरवाली' हे नाव जाईल का, ते मला सांगता येणार नाही. मला 'कडक मेट्रन' म्हणायचे, निवृत्तीच्या भाषणातही म्हणाले. पण ओव्हरच्या वेळी एक गोष्ट करून बघ. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत मी एका वॉर्डात ती लावली होती. ओव्हर संपला की जाणारीनं सांगायचं, आज माझ्याकडून काय चुकता चुकता राहिलं. दोन मिनिटं. लिहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, फक्त स्वतःचं. पहिले सहा दिवस मी एकटीच बोलले, बाकीच्या जमिनीकडं बघत उभ्या. सातव्या दिवशी एक ब्रदर म्हणाला, 'रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला गेलो तर चावीच नव्हती. शेजारच्या वॉर्डातून पळत आणली. तीन मिनिटं गेली.' कुणी हसलं नाही, कुणी 'चावी कोणी नेली' विचारलं नाही. संध्याकाळी प्रत्येक सिलिंडरच्या मानेला नाडीनं बांधलेली चावी होती. नाडी एका मावशीनं आणली होती, घरून, परकराची. तुमच्याकडं सातव्या दिवशी कोणी बोलेल असं नाही. पंधराव्या दिवशीही नाही बोललं तर सोडून दे, पण सुरुवात तुझ्या पहिल्या दोन हुकलेल्या वाचनांपासून कर.

आणि फॉर्म भरायच्या आधी, म्हणजे 25 च्या आत, मावशींचा एक दिवसाचा पगार. तो परत मिळायला हवा. अर्जाला दोन ओळी पुरतात: 'लेबल इंग्रजीत असून ट्रे भरणं हे त्यांच्या कामाच्या यादीत नाही. कपात रद्द करावी.' कामाची यादी मागवून खात्री करून घे, बहुतेक ठिकाणी ते काम त्यात नसतं. सह्या तू घे, इन्चार्जच्या सहीपासून सुरुवात कर. ऑफिस नाही म्हणालं तर वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून तेवढे पैसे काढा आणि 'भरपाई' वगैरे मोठे शब्द न वापरता हातात द्या. त्या नको म्हणतील. तरी द्या.

एक राहिलं. तुझ्या पत्रात मावशी आल्यात, पण त्यांचं नाव नाही. पुढच्या पत्रात त्यांचं नाव लिहून कळव. छापणार नाही, पण मला माहीत असू दे.